कोणती शाखा, हा पहिला प्रश्न नव्हे

जूनमध्ये प्रवेशाचे दिवस सुरू झाले, की गणिताच्या विद्यार्थ्यांभोवती एक जुना वाद पुन्हा पेटतो. एका बाजूचे लोक सांगतात, की शुद्ध गणितात आता काही उरलेले नाही. संख्याशास्त्र घ्या, डेटा सायन्स घ्या, निदान संगणकाशी नाते असलेले काहीतरी घ्या, म्हणजे पोटाची काळजी मिटेल. दुसऱ्या बाजूचे लोक तितक्याच तावातावाने म्हणतात, की गणित ही विज्ञानांची राणी आहे, तिच्या दरबारात यायचे तर नोकरीचा विचार उंबरठ्याबाहेर ठेवून या. दोन्ही बाजूंना गणिताबद्दल आणि विद्यार्थ्यांबद्दल कळकळ आहे, याविषयी मला शंका नाही. पण दोघांकडून एकच चूक होते आहे. शाखांची एक उतरंड असते आणि शहाण्याने तिच्यातले वरचे मडके उचलावे, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. उतरंड कशाची, पगाराची की प्रतिष्ठेची, एवढ्यापुरताच त्यांचा मतभेद. बावीस वर्षांच्या मुलामुलींना हे दोघे पुढच्या तीस वर्षांचे भाकीत करायला लावतात. आणि जे त्या वयात खरोखर कळू शकते ते मात्र कोणीच विचारत नाही. कोणत्या प्रकारच्या कामात मी रोज पाच-सहा तास बसू शकेन, आणि ते काम मला कोणाच्या सोबतीने शिकता येईल, हे ते दोन प्रश्न. माझे म्हणणे असे, की शाखेचे नाव या दोन प्रश्नांनंतर यावे, आणि त्यांची उत्तरे शोधायला सवड देणे ही विद्यापीठांची जबाबदारी आहे.

मागच्या वर्षी एमएस्सीच्या पहिल्या वर्षातील एक विद्यार्थिनी वहीच्या पानावर आखलेला एक तक्ता घेऊन माझ्याकडे आली. उभ्या रकान्यात पाच शाखा होत्या: बीजगणित, टोपॉलॉजी, संख्यासिद्धांत, विभेदक समीकरणे आणि संख्याशास्त्र. आडव्या ओळीत नोकरीच्या संधी, पगार, परदेशातील प्रवेश, ‘नाव’ आणि ‘अवघडपणा’. प्रत्येक चौकटीत दहापैकी गुण भरलेले, प्रत्येक ओळीच्या शेवटी बेरजा केलेल्या. अठ्ठावीस आणि एकोणतीस अशा दोन बेरजा जवळजवळ आल्यामुळे ती अडली होती. तक्ता तिने फार कष्टाने केला होता. सीनियर विद्यार्थ्यांना विचारून, व्हिडिओ पाहून, जाहिराती वाचून. त्यात एकच रकाना नव्हता: यांपैकी प्रत्येक शाखेतले मी स्वतः काय करून पाहिले आहे? मी ते विचारले तेव्हा ती जरा थांबली आणि म्हणाली, “सर, संख्यासिद्धांत तर आपल्याला अजून लागलेलाच नाही.” जी शाखा तिने कधी पाहिलीच नव्हती तिला तिने दहापैकी सात गुण दिले होते. दोष तिचा अजिबात नव्हता. वाद ज्या रीतीने चालतो त्या रीतीने तिने तो मुकाट्याने सोडवायला घेतला होता, इतकेच.

पोटाचा प्रश्न मी हलका मानत नाही. या मुलीचे वडील एसटीत वाहक आहेत, आणि “यात पोरीचं भागेल का?” हा त्यांचा प्रश्न कोणत्याही प्रमेयाइतकाच गंभीर आहे. ज्या घरात पुढच्या तीन वर्षांचे भाडे कुठून येणार हे ठरलेले नाही, तिथे ज्ञानाच्या निखळ आनंदाची व्याख्याने देणे हा क्रूरपणा आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर आज महिना ३७,००० रुपये मिळतात. ती मिळणाऱ्यांची संख्या थोडी असते, आणि पीएचडीनंतर महाविद्यालयातील कायमच्या जागेसाठी किती वर्षे थांबावे लागते हे आपण सगळेच पाहतो आहोत. म्हणून एखाद्याने शिक्षण आणि नोकरी यांचा सरळ हिशेब करून संख्याशास्त्राकडे जायचे ठरवले, तर त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. सी. आर. राव यांचेच उदाहरण पाहा. आंध्र विद्यापीठातून गणितात एम. ए. झालेला हा तरुण लष्करी सर्वेक्षणातल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी कोलकात्याला गेला, ती नोकरी मिळाली नाही, आणि तिथे महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची माहिती कळली म्हणून १९४१ मध्ये तो तिथे दाखल झाला. पोटासाठीच धरलेली वाट. पण १९४५ च्या ज्या निबंधामुळे रावांचे नाव आज जगभरच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकांत आहे, त्याच निबंधात त्यांनी संभाव्यतेच्या वितरणांमधील अंतर मोजायला रीमान यांची, म्हणजे वक्र अवकाशांची, भूमिती वापरली. शुद्ध गणित मागे सोडून आलेल्या माणसाने ते बरोबरच आणले होते. मग ‘शुद्ध की उपयोजित’ या वादात रावांना कोणत्या बाजूला उभे करायचे?

नोकरीचा विचार वेगळा आणि शाखेच्या भवितव्याचे भाकीत वेगळे. पहिला आवश्यक आहे. दुसरे जवळजवळ नेहमी फसते. जी. एच. हार्डी यांच्याइतका संख्यासिद्धांताचा जाणकार विसाव्या शतकात शोधून सापडणार नाही. त्यांनी १९४० मध्ये लिहिले, की संख्यासिद्धांताचा युद्धासाठी काही उपयोग अजून कोणाला सापडलेला नाही आणि बरीच वर्षे सापडेल असे दिसतही नाही. या निरुपयोगीपणाचा त्यांना अभिमानच होता. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याच्या अडचणीवर उभारलेली सांकेतिक लिपीची पद्धत मांडली, आणि मूळ संख्यांचे हे शास्त्र लष्कर, बँका आणि गुप्तहेर संस्था यांच्या थेट कामाचे झाले. आपल्या स्वतःच्या विषयाबद्दल हार्डींचा अंदाज चाळीस वर्षेही टिकला नाही. मग प्रवेशाच्या आठवड्यात व्याख्यान देणाऱ्या समुपदेशकाचा अंदाज किती टिकावा?

शाखा ‘संपली’ हे भाकीतही असेच. एकोणिसाव्या शतकात अपरिवर्तकांचा सिद्धांत, म्हणजे चले बदलली तरी न बदलणाऱ्या राशींचा अभ्यास, ही बीजगणितातली भरभराटीची शाखा होती. पाउल गोर्डान यांनी १८६८ मध्ये दोन चलांसाठीचे मूलभूत प्रमेय अवाढव्य आकडेमोड करून सिद्ध केले, आणि त्यांच्यामागे अनेकांनी आयुष्ये त्या आकडेमोडीत घातली. १८९० मध्ये हिल्बर्ट यांनी ती आकडेमोड टाळून, कितीही चलांसाठी, एकदम व्यापक सिद्धता दिली आणि पुढे दोन-तीन दशकांत लोक म्हणू लागले, की ही शाखा मेली. १९६५ मध्ये डेव्हिड ममफर्ड यांनी तिला भूमितीच्या अंगाने पुन्हा उभे केले. त्याच वर्षी आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी ममफर्ड यांच्याच ‘स्थिर’ सदिश-बंडलांच्या (भूमितीतल्या एका रचनेच्या) कल्पनेवर आपले प्रसिद्ध प्रमेय सिद्ध केले. भौतिकशास्त्राशी या प्रमेयाचे काही नाते असेल असे तेव्हा कोणाच्या मनात नव्हते. १९८३ मध्ये अटिया आणि बॉट यांनी, आणि त्याच वर्षी वेगळ्या दिशेने डोनाल्डसन यांनी, ते यांग-मिल्स समीकरणांच्या भाषेत पाहिले, आणि कुलाब्यातले ते काम मूलकणांच्या भौतिकशास्त्राच्या शेजारी जाऊन बसले.

इथे शुद्ध गणिताच्या बाजूचे मित्र टाळ्या वाजवतील, म्हणून लगेच सांगतो, की ही उदाहरणे त्यांच्याही बाजूने बोलत नाहीत. “आज निरुपयोगी वाटते ते उद्या उपयोगी पडेल” हा युक्तिवाद ऐकायला गोड असला, तरी त्यात निवडक आठवणींची फसवणूक आहे. संख्यासिद्धांत उपयोगी ठरला म्हणून आपण त्याची गोष्ट सांगतो. ज्या पन्नास गोष्टी कधीच कोणाच्या उपयोगी पडल्या नाहीत आणि सुंदर म्हणूनही कोणाच्या लक्षात राहिल्या नाहीत, त्यांची गोष्ट कोण सांगणार? भविष्यातला उपयोग कोणालाच दिसत नसेल, तर तो कोणत्याच बाजूचा पुरावा होऊ शकत नाही. हे मान्य केले, की दोन्ही बाजूंचा निम्मा दारूगोळा संपतो.

उरलेला निम्मा प्रतिष्ठेचा आहे, आणि तो आपल्या मराठी समाजात जरा जास्तच साठलेला आहे. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले भारतीय सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे विद्यार्थी, झाले, आणि तेव्हापासून ‘रँग्लर’ ही पदवी आपल्याकडे नावाच्या आधी लागू लागली. परांजप्यांनी नंतर फर्ग्युसन महाविद्यालयासाठी आणि सार्वजनिक जीवनासाठी जे केले त्याबद्दल मला अपार आदर आहे. पण गणित म्हणजे क्रमांक, ही सवय आपल्याला त्या काळाने लावली. त्याच परीक्षेत १८९८ मध्ये चौथे आलेले हार्डी पुढे तिचे कडवे टीकाकार झाले. गणिताची समज सोडून गणिताच्या शर्यतीचे शिक्षण ती देते, असा त्यांचा आक्षेप होता. गुणानुक्रमाची ती यादी १९०९ नंतर केंब्रिजने बंद केली. आपण मात्र क्रमांक लावण्याची सवय विद्यार्थ्यांवरून शाखांवर आणली. बैजिक भूमिती घेणारा हुशार, कॉम्बिनेटोरिक्स (मोजणी आणि मांडणीचे गणित) घेणारा कोडी सोडवणारा, संख्याशास्त्र घेणारा व्यवहारी, आणि गणिताचे शिक्षण हा विषय घेणारा ‘बाकी काही जमले नाही’ म्हणून आलेला. या उतरंडीला आधार काय? जून हू यांना २०२२ मध्ये फील्ड्स पदक, गणितातला एक सर्वोच्च सन्मान, मिळाले ते आलेखांना रंग देण्याच्या प्रश्नांतून, म्हणजे कॉम्बिनेटोरिक्सच्या अंगणातून, बैजिक भूमितीकडे वाट काढल्याबद्दल. वरचे आणि खालचे मडके कोणते, हे त्या कामात कोणी दाखवून द्यावे.

आता सर्वांत आकर्षक सल्ल्याकडे येतो: “जे आवडते ते करा.” याच्याशी माझे मूळ भांडण नाही; आवड नसेल तर चार वर्षे एका प्रश्नाशी झुंजता येत नाही. पण आवड ही एकट्याने पुरणारी गोष्ट आहे, असे जे सुचवले जाते ते खरे नाही, आणि त्यासाठी ज्यांची नावे घेतली जातात त्यांच्या आयुष्यांकडे कोणी नीट पाहत नाही. रामानुजन यांचे नाव घेतले जाते. कार यांच्या सूत्रसंग्रहातून स्वतः शिकलेल्या या माणसाची विशीच्या आसपासची मोलाची वर्षे युरोपात आधीच सिद्ध झालेले पुन्हा शोधण्यात गेली, याची हळहळ हार्डींना आयुष्यभर होती. आपल्याकडे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचे नाव घेतले जाते. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता या शिक्षकाने संख्यांशी जी मैत्री केली ती विलक्षण होती. ३५२४ घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजा करा: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि इथून पुढे आकडा हलत नाही. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या सात पायऱ्यांच्या आत इथेच येते. हे सौंदर्य १९४९ मध्ये कापरेकरांनी जाहीर केले. जगाचे लक्ष तिकडे मोठ्या प्रमाणावर गेले ते १९७५ मध्ये गणिताच्या गमतींवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले तेव्हा. मधल्या काळात देशातील अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे गंमत म्हणून पाहिले. मी हे कापरेकरांचे मोठेपण कमी करण्यासाठी सांगत नाही. त्यांच्या आवडीला जाणकार सोबत मिळाली असती, हे कोडे कोणत्या मोठ्या प्रश्नाचे टोक आहे असे विचारणारा कोणी शेजारी असता, तर काय झाले असते, हा विचार मला अस्वस्थ करतो. त्यांचे उदाहरण देऊन विद्यार्थ्याला एकट्याने चालायला सांगणारे लोक त्यांनी भोगलेल्या एकटेपणाचाच आदर्श करून दाखवतात.

मग आवड ओळखायची कशी? शाखेच्या नावावरून ती ओळखता येत नाही. हाताने काम करूनच कळते. त्या विद्यार्थिनीला मी तक्ता बाजूला ठेवायला सांगितला आणि एकाच प्रमेयाच्या चार सिद्धता दिल्या: मूळ संख्या अनंत आहेत. पहिली युक्लिडची. असलेल्या मूळ संख्यांचा गुणाकार करून एक मिळवा, आणि त्या संख्येचा मूळ अवयव यादीबाहेरचाच निघतो. २, ३, ५, ७, ११, १३ घेतल्या तर ३०,०३१ मिळते, आणि ते ५९ गुणिले ५०९ आहे. दुसरी ऑयलर यांची, १७३७ ची: मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश अधिक एक पंचमांश अशी, कोणतीही मर्यादा ओलांडते. पण किती सावकाश! २ ओलांडायला २७७ पर्यंत जावे लागते आणि ३ ओलांडायला ५१,९५,९७७ पर्यंत. तिसरी फुर्स्टेनबर्ग यांनी विद्यार्थिदशेत, १९५५ मध्ये दिलेली. तिच्यात पूर्णांकांवर अंकगणिती श्रेढींची (समान अंतराने जाणाऱ्या संख्यांची) एक टोपॉलॉजी, म्हणजे कोणते संच ‘विवृत’ (खुले) मानायचे याची व्यवस्था, रचायची आणि विवृत व संवृत संचांच्या भाषेत उत्तर काढायचे. चौथी पाल एर्डॉश यांची, निव्वळ मोजणीची. प्रत्येक संख्येतून सर्वांत मोठा वर्ग बाहेर काढा. ७२ म्हणजे ३६ गुणिले २. समजा जगात मूळ संख्या दहाच आहेत. मग मागे उरणाऱ्या वर्गविरहित भागात प्रत्येक मूळ संख्या घ्यायची किंवा सोडायची एवढेच हातात राहते, म्हणजे जास्तीत जास्त १,०२४ प्रकार. एक कोटीपर्यंतच्या संख्या पाहिल्या, तर वर्गाचे पर्याय ३,१६२ हून अधिक नाहीत. गुणाकार ३२,३७,८८८. साडेबत्तीस लाखही संख्या बनत नाहीत, मग एक कोटी कुठून भरणार?

प्रमेय एकच, पण चार ठिकाणी बुद्धीला चार वेगळ्या सवयी लागतात. युक्लिडच्या वाटेवर एक वस्तू रचायची आणि ती विरोध करते का ते पाहायचे. ऑयलर यांच्या वाटेवर दोन राशींमध्ये कोण मोठे, कितीने मोठे, हे धीराने तोलत राहायचे. फुर्स्टेनबर्ग यांच्या वाटेवर प्रश्न उचलून परक्या घरात न्यायचा आणि तिथल्या नियमांनी तो सुटतो का बघायचे. एर्डॉश यांच्या वाटेवर सैल पण चलाख मोजणी करायची. बीजगणित, विश्लेषण, टोपॉलॉजी, कॉम्बिनेटोरिक्स ही नावे बऱ्याच अंशी या सवयींची नावे आहेत, आणि ज्याला अंदाज बांधण्याच्या कामाचा कंटाळा येतो त्याने विश्लेषणाची कितीही प्रतिष्ठा असली तरी त्यात आयुष्य घालवू नये. माझी विद्यार्थिनी दोन दिवसांनी वही घेऊन आली. ती एर्डॉशपाशी थांबली होती. “सर, हे मोजणं फारच सैल आहे,” ती म्हणाली. २, ३ आणि ५ एवढ्याच मूळ संख्या घेऊन १०० पर्यंत तिने स्वतः मोजले होते. एर्डॉश यांच्या हिशेबाने जास्तीत जास्त ८० संख्या बनतात. प्रत्यक्षात तिला ३४ सापडल्या. “मग खरा आकडा काढायचा कसा?” लहान मूळ अवयवच असलेल्या संख्या किती, हा प्रश्न तिने आपणहून शोधला होता. मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याच्या आधुनिक पद्धती याच प्रश्नाच्या उत्तरावर उभ्या आहेत, हे तिला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. तक्त्यातल्या पंचवीस चौकटींनी तिच्याबद्दल जेवढे सांगितले नव्हते, तेवढे या एका प्रश्नाने सांगितले.

दुसरा प्रश्न सोबतीचा. एस. आर. एस. वरदन १९५९ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेत गेले ते उद्योगधंद्यांतील गुणवत्ता-नियंत्रणाचे संख्याशास्त्र शिकायला. तिथे पार्थसारथी, वरदराजन आणि रंगा राव हे तरुण संभाव्यतेच्या सिद्धांतावर काम करत होते. वरदन त्यांच्यात ओढले गेले, आणि २००७ मध्ये त्यांना गणितातला सर्वोच्च मानला जाणारा आबेल पुरस्कार मिळाला तो संभाव्यतेतील कामासाठी. नरसिंहन आणि शेषाद्री दोघेही चेन्नईच्या लॉयोला महाविद्यालयात फादर रासीन यांचे विद्यार्थी. मुंबईच्या संस्थेची वाट रासीन यांनीच दोघांना दाखवली. शाखांची तुलना करून, गुण देऊन, यांपैकी कोणीच निवड केली नव्हती. ती जागा, ती माणसे आणि समोर आलेला प्रश्न यांनी त्यांची शाखा घडवली.

यावर सर्वांत सबळ आक्षेप असा, की प्रत्येकाला असे लोक मिळतात कुठे? मिळत नाहीत, हे खरे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी त्या विषयाचे गाइड दोन-तीन असले तरी भाग्य. जो गाइड मिळेल त्याच्या जुन्या चाकोरीत अडकायचे, कुठल्याशा प्रमेयातली एक अट किंचित सैल करून आणखी एक निबंध लिहायचा, आणि पाच वर्षांनी बाहेर पडायचे, असे अनेकांच्या वाट्याला आले आहे. म्हणूनच ‘गाइड बघून शाखा निवडा’ या सल्ल्याचा अर्थ ‘जवळ असेल त्याच्याकडे जा’ असा करता कामा नये. गाइडच्या विद्यार्थ्यांना एकच गोष्ट विचारावी: तुम्ही ज्या प्रश्नावर काम करता त्याचे उत्तर या खोलीबाहेरच्या कोणाला हवे आहे का, आणि कशासाठी? ज्याला हे दोन मिनिटांत सांगता येते तिथे काम जिवंत आहे. असा गाइड आपल्या गावात नसेल, तर गाव बदलण्याचा विचार शाखा बदलण्याच्या विचाराआधी करावा.

दुसरा आक्षेप खोलीचा आहे आणि मी तो मनापासून मान्य करतो. इकडेतिकडे चाखत राहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आयुष्य एका विहिरीला वाहिले तरच पाणी लागते, असे अनेक मोठे गणितज्ञ सांगतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या आयुष्यात या म्हणण्याच्या दोन्ही बाजू दिसतात. विभेदक भूमितीतून आलेला हा माणूस संख्याशास्त्रात गेला, १९४४ मध्ये जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र त्याने दिले आणि ते आजही त्याच्या नावाने वापरात आहे. त्याने हजारो नाणी तराजूत घालून चलनात झिजलेल्या वजनावरून इतिहासाचे प्रश्न सोडवले. पण मूळ संख्यांच्या वाटणीशी निगडित असलेल्या, अजून न सुटलेल्या रीमान यांच्या गृहीतकावर संभाव्यतेच्या वाटेने जाऊन त्याने जी सिद्धता मांडली ती गणितज्ञांनी मान्य केली नाही, आणि तिने त्याची गणितातली प्रतिष्ठा दुखावली. व्यापकतेची किंमत मोजावी लागते, ती अशी. तरीही या उदाहरणावरून ‘लवकर निवडा आणि हलू नका’ असा निष्कर्ष निघतो का? हरिश्चंद्र डिरॅक यांच्या हाताखाली भौतिकशास्त्रात पीएचडी झाले आणि नंतर गणिताकडे वळून त्यांनी ली गटांच्या (सलग सममितींच्या) अनंत-मितीय प्रतिरूपण सिद्धांताचा पाया घातला; डिरॅक यांच्याकडे केलेला सापेक्षतावादातल्या लॉरेंट्झ गटाचा अभ्यास त्या वळणाला कारण झाला. श्रीराम अभ्यंकरांनी हार्वर्डमध्ये झारिस्की यांच्याकडे पृष्ठभागांवरचे टोकदार, स्वतःला छेदणारे बिंदू सोडवण्याचा अत्यंत अवघड प्रश्न घेतला आणि वयाच्या पंचविशीत सोडवला. पण त्यांची हत्यारे शाळेतल्या बीजगणिताची, म्हणजे बहुपदी हाताळण्याची होती, आणि १९८० च्या दशकात तीच हत्यारे घेऊन ते संगणकावर वक्र आणि पृष्ठभाग रेखाटण्याच्या कामात उतरले. त्यांची सवय बदलली नाही, शाखा बदलली. खोली सवयीत असते, आणि नेमकी तीच आपल्या तक्त्यांत कुठे दिसत नाही.

हल्ली एक नवे भाकीत ऐकू येते: ज्या शाखेत यंत्र पोहोचणार नाही ती निवडा. २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडच्या प्रणालींनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडच्या सहापैकी चार प्रश्न सोडवले, त्यांतला भूमितीचा प्रश्न काही सेकंदांत. कॉम्बिनेटोरिक्सचे दोन सुटले नाहीत. लगेच कोणी म्हणावे, की कॉम्बिनेटोरिक्स सुरक्षित! सहा प्रश्नांच्या एका परीक्षेवरून चाळीस वर्षांचे आयुष्य ठरवायचे, हा हार्डींच्या भाकिताहूनही कच्चा हिशेब आहे.

यात बदल करायचा तर विद्यार्थ्याला दोष देऊन भागणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) यांची निवड पदवीच्या सुरुवातीच्या काळातच आणली आहे, म्हणजे आंधळेपणाने निवडण्याचे वय आणखी खाली गेले. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी गटसिद्धांत, टोपॉलॉजी, मापनसिद्धांत असे विषय व्याख्येपासून व्याख्येपर्यंत धावतात. त्यातला जिवंत प्रश्न कोणता हे सांगायला वेळ उरत नाही. माझी मागणी साधी आहे. पहिल्या सत्रात दर शनिवारी दोन तास, परीक्षेशिवाय आणि गुणांशिवाय, एकेका शाखेतला एक प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतः हाताळावा. त्यासाठी नामवंत तज्ज्ञ बोलावण्याची गरज नाही. एक चांगला प्रश्न आणि तो न सोडवता विद्यार्थ्यांकडे सोपवण्याचा संयम असलेला शिक्षक पुरतो. १९९३ पासून चालणारे एमटीटीएसचे (गणिताचे प्रशिक्षण आणि गुणवत्ताशोध यांच्या कार्यक्रमाचे) उन्हाळी वर्ग देशभरातल्या सामान्य महाविद्यालयांतील मुलांना हेच शिकवत आले आहेत. व्याख्यान थांबवून मुलांना बोलते करायचे. पुण्यात अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानासारखी ठिकाणे शेजारी आहेत. “अभ्यासक्रम पुरा कधी होणार?” असे कोणी विचारेल. अभ्यासक्रम पुरा होऊनही ज्याला आपण काय करू शकतो हे कळलेले नाही, अशा पदवीधराचा आपल्याला उपयोग काय, याचे उत्तर विचारणाऱ्याने आधी द्यावे.

त्या विद्यार्थिनीच्या वडिलांना मी खोटा दिलासा दिला नाही. जेआरएफ मिळाली तर पाच वर्षे भागेल, न मिळाली तर बीएड किंवा संख्याशास्त्राची पदविका हे सन्मानाचे मार्ग आहेत, आणि त्यांचा निर्णय दोन वर्षांनी घेतला तरी काही बिघडत नाही, एवढे सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. तिने अजून शाखा निवडलेली नाही. सध्या ती दहा मूळ संख्यांनी एक कोटीपर्यंत नेमक्या किती संख्या बनतात, ते मोजते आहे.